ओढ्याची डीपी, शनिवार सोडून

माझ्या संशोधनाचा विषय कुणी विचारला की मी दोन उत्तरं देतो. शिकलेल्या माणसाला सांगतो, गुंतागुंतीच्या व्यवस्थांची संगणकीय मॉडेलं. गावात सांगतो, डीपी का जळते ते बघतोय. पहिलं उत्तर ऐकून लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. दुसरं ऐकून गावातले लोक हसतात, कारण डीपी का जळते हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेतात खांबावर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. एका डीपीवर पंधरा-वीस विहिरींच्या मोटारी असतात. लाईट ठरावीक तासच येते, आणि ती येईल तेव्हा प्रत्येकाने मोटारीपाशी हजर राहायचं हे काही जमत नाही. म्हणून सगळ्यांनी स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसवून घेतलाय. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आता मोटार सुरू होताना जी वीज ओढते ती नंतरच्या मानाने कितीतरी जास्त. एकीने ओढली तर काही होत नाही. सतरा मोटारींनी एकाच क्षणी ओढली की डीपी गुरगुरते, तेल गळायला लागतं आणि एक दिवस मोठा आवाज होऊन ती जळते. दुसरी यायला आठ-दहा दिवस लागतात, कधी पंधरा. म्हणजे प्रत्येक जण आपल्या जागी शहाणा आणि सगळे मिळून डीपी जाळणारे. जगात लोक असल्या गोष्टींचा अभ्यास मुंग्यांवर किंवा शेअर बाजारावर करतात. मला घरचंच मिळालं.

गाव अंबडपासून एसटीने अर्ध्या तासावर. मी जालन्याला कॉलेजात शिकवतो आणि शिकवता शिकवता पीएचडी करतो, म्हणजे दोन्ही अर्धवट करतो. गावाला दोन डीप्या आहेत, एक मारुतीची आणि एक ओढ्याची. दोन्ही एकाच साली बसवलेल्या, दोन्हींवर सतरा-सतरा मोटारी, दोन्ही सारख्याच कुरकुरणाऱ्या. प्रयोग करणाऱ्या माणसाला इतकी सारखी जोडी आयुष्यात एकदाच मिळते. आमची पाच हॉर्सपॉवरची मोटार ओढ्याच्या डीपीवर. तिच्यावर आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन एकर मोसंबी.

आधी मी संगणकावर गाव बनवलं. पडद्यावर सतरा ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक शेतकरी. मोटार बंद असेल तर निळा, चालू झाली की लाल. प्रत्येक ठिपक्याला मी एक गुण दिला होता, अधीरता. शून्य म्हणजे संत, एक म्हणजे ऑटो. आण्णा होते ठिपका क्रमांक चौदा. त्यांना अधीरता किती द्यावी यावर मी बराच विचार केला. एसटी दहाची असेल तर ते आठला स्टँडवर जाऊन बसतात, म्हणून शून्य पूर्णांक आठ दिली. याला शास्त्रीय भाषेत पॅरामीटर ठरवणं म्हणतात.

मग मी ते गाव चालवलं, हजारो वेळा. चहा पीत पीत मी ओढ्याची डीपी इतक्या वेळा जाळली की मला तिचं काही वाटेनासं झालं. मॉडेल म्हणायचं, ऑटो असेच राहिले तर चैत्र संपायच्या आत डीपी जाणार. आणि मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू केल्या तर ती उन्हाळाभर टिकणार. सतरा मोटारी, दोन-दोन मिनिटं, शेवटच्याला जेमतेम अर्धा तास थांबायचं. इतकं सोपं होतं.

विद्यापीठातल्या माझ्या सरांना, म्हणजे मार्गदर्शकांना, ते आवडलं. सर म्हणाले, "मॉडेल काहीही म्हणेल. प्रत्यक्ष प्रयोग करा. एका डीपीवर उपाय करा, दुसरीला हात लावू नका. ती तुमची तुलनेची. तिथल्या लोकांना काय चाललंय ते कळता कामा नये, कळलं की माणसं वागणं बदलतात. आणि नोंदी हंगाम संपेपर्यंत उघडायच्या नाहीत. उघडल्या की आपणही बदलतो." उपाय कोणत्या डीपीवर ते नाणेफेकीने ठरवायचं असं ठरलं. मी त्यांच्याच टेबलावर नाणं उडवलं. छापा पडला, म्हणजे मारुती. ओढ्याची डीपी राहिली तुलनेला. तुलनेला राहिली याचा अर्थ तिने जळायचं आणि मी ते टिपून घ्यायचं.

हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले. मग गावी गेलो असताना घराच्या गच्चीवरून सरांना फोन लावला. "सर, ओढ्याच्या डीपीवर माझे वडील आहेत. मोसंबीला फळ धरलंय. ऐन उन्हाळ्यात डीपी गेली आणि दहा दिवस पाणी नाही मिळालं तर सगळं फळ गळून जाईल."

सर म्हणाले, "तुम्ही नसता तर ते याच डीपीवर असते ना? तुम्ही त्यांचं काही वाईट करत नाही. फक्त सांगत नाही." हे अगदी बरोबर होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे सर. वडील असले तरी नाही सांगणार." गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आई कुरडया वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही.

मारुतीच्या डीपीवाल्यांची बैठक मी मंदिराच्या पारावर घेतली. सतरा जणांना सगळं समजावून सांगितलं, लॅपटॉपवर ठिपके दाखवले. ठिपके सगळ्यांना आवडले. मग नंबर द्यायचे होते, कोण पहिला सुरू करणार आणि कोण सतरावा. मोबाईल यदृच्छेने नंबर काढून देतो असं म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले, म्हणून चिठ्ठ्या केल्या, गडव्यात टाकल्या आणि पुजाऱ्याच्या हाताने काढल्या. ऑटो काढून ठेवायचे आणि जितका नंबर तितका थांबा. यात कुणाचाही वशिला नाही, कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही, हे मी तीन वेळा सांगितलं. त्या वाक्याचा मला अभिमान होता. आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

दोन्ही खांबांवर मी भाराची नोंद करणारं एकेक यंत्र जेवणाच्या डब्यात बंद करून बसवलं. दर शनिवारी पहाटेच्या एसटीने गावी यायचो. त्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला दिवसाची लाईट होती, साडेनऊला यायची. मी नऊलाच ओढ्याकडे जाऊन एकेक पेटी उघडायचो, ऑटो बसवलेला आहे ना ते बघायचो आणि वहीत खूण करायचो. सोळा पेट्या, सोळा खुणा. सतरावी आमची. तिला मी न बघताच खूण करायचो, घरच्या माणसाची काय तपासणी करायची. कुणी काही विचारलं नाही की काय शोधून राह्यला. मला वाटायचं, लोकांना माझ्या कामात रस नाही. तुलनेच्या गटाकडून यापेक्षा चांगली अपेक्षा करता येत नाही.

शनिवारी आण्णा शेतात जायचे नाहीत. एरवी उजाडायच्या आत बागेत असणारा माणूस शनिवारी ओट्यावर बसून असायचा. मी परत आलो की दोघं चहा घ्यायचो. मुलगा आठवड्यातून एकदा येतो म्हणून थांबत असतील असं मी धरून चाललो होतो, आणि मला त्याचं बरं वाटायचं. बरं वाटण्यात अपराधीपणाही मिसळलेला होता. समोर बसलेल्या माणसाची डीपी जळण्याची अंदाजे तारीख माझ्या वहीत होती. एकदा न राहवून म्हणालो, "आण्णा, बागेला पाणी जरा जास्तच देऊन ठेवत जा."

"का बरं?"

"ऊन वाढणार आहे म्हणतात."

"उन्हाळ्यात ऊन वाढायचंच," ते म्हणाले. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "तू तुझं काम बराबर कर. बागेचं मी बघून राह्यलोय."

मारुतीच्या डीपीवर पहिले तीन आठवडे सगळं छान चाललं. लोक मोबाईलमध्ये गजर लावून पेटीपाशी उभे राहायचे. मला फोनवर सांगायचे, "प्रोफेसर, माझा नंबर झाला बघा." मी सरांना कळवलं की प्रतिसाद उत्तम आहे. सरांनी शोधनिबंधाचं शीर्षक सुचवलं.

अडचण सोळा नंबरची होती. सोळावी चिठ्ठी निघाली होती गावच्या पाटलांना. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती त्यांची, पिढ्यान्‌पिढ्या. आणि एक नंबर निघाला होता ज्यांची जोडी सगळ्यात शेवटी जाते त्यांना. मला हे माहीत नव्हतं असं नाही. या गावात जन्मलेल्या कुणालाही पोळ्याचा क्रम सांगावा लागत नाही. कुणाच्या मागे कोण हे पोराटोरांना पाठ असतं, आणि त्यावरून डोकी फुटल्याचंही गावाने बघितलंय. आता निम्म्या लोकांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतलेत, तरी पोळ्याला दुसऱ्याकडून जोडी आणून आपला नंबर राखतात. हे सगळं मला माहीत होतं. पण ते मला गावातला माणूस म्हणून माहीत होतं, संशोधक म्हणून नाही. मॉडेलमध्ये अधीरता होती, मान नव्हता.

पाटलांनी तीन आठवडे पाळलं. रोज अर्धा तास पेटीपाशी उभं राहून शेवटच्या मानाच्या माणसाच्या रानात पाणी वाहताना बघितलं. माझ्या शब्दाखातर बघितलं हे मला मान्य करायलाच हवं. मग एक दिवस हॉटेलात कुणीतरी चहा घेता घेता सहज विचारलं, "काय पाटील, अवंदा पोळ्याला बी सोळावेच का?" चहा तसाच टाकून पाटील उठले, शेतात गेले आणि ऑटो परत बसवला. त्यांनी बसवला म्हणून शेजाऱ्याने, शेजाऱ्याने बसवला म्हणून पलीकडच्याने. आठवड्याच्या आत सतराही ऑटो परत आले. आणि एरवीपेक्षा वाईट म्हणजे, आपण मागे राहू नये म्हणून दोघा-तिघांनी मोठ्या मोटारी टाकल्या.

एका शनिवारी, मी गावात असतानाच, मारुतीची डीपी जळाली. साडेनऊला लाईट आली आणि आवाज पार गावात आला. नवीन यायला अकरा दिवस लागले. त्या बाजूला मिरची होती, ती वाळली. मी धावत गेलो तेव्हा लोक खांबाखाली उभे होते. मला कुणी वाईट बोललं नाही, तेच जास्त लागलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या प्रोफेसर. दर साली जळतीच. अवंदा कॉम्प्युटर लावून जळाली." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

ओढ्याची डीपी काही जळाली नाही. चैत्र संपला, वैशाख आला, तिचं तेलसुद्धा गळलं नाही. ज्या डीपीला मी औषध दिलं ती गेली, आणि जिला मरायला सोडलं होतं ती ठणठणीत राहिली. आण्णांची मोसंबी लिंबाहून मोठी झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर पहिली भावना चिडचिडीची होती, आपलं मॉडेल चुकलं याची. वडिलांची बाग वाचली हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

हंगाम संपल्यावर सरांच्या परवानगीने नोंदी उघडल्या. मारुतीच्या डीपीचा आलेख अपेक्षेसारखाच होता. आधी तीन आठवडे सुंदर चढण, मग रोज साडेनऊला एक सरळ भिंत, आणि एके दिवशी काहीच नाही. मग ओढ्याच्या डीपीची फाईल उघडली. तिथे पहिल्या आठवड्यापासून रोज भिंत असायला हवी होती. पण पडद्यावर जिना आला. एकेक मोटार, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, पायरीवर पायरी. पहिली पायरी मोठी, मग दोन लहान, मग एक मोठी. दुसऱ्या दिवशी तोच जिना, तिसऱ्या दिवशी तोच, महिनोन्‌महिने, एका पायरीचा फरक नाही. मी यंत्रांची अदलाबदल झाली का ते बघितलं. झाली नव्हती.

मग दिसलं की मध्ये मध्ये भिंती आहेत. सात दिवसांनी एक. कॅलेंडर काढलं. शनिवार, शनिवार, शनिवार.

मला लगेच कळलं नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण लगेच कळलं. ज्या दिवशी मी गावात असायचो त्याच दिवशी ती माणसं माझ्या तुलनेचा गट होती.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. आण्णा बागेत होते, काठीने फांदीला टेकू देत होते. मी लॅपटॉप बांधावर ठेवला आणि जिना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"ही पहिली पायरी कुणाची?" मी विचारलं.

"धाकट्या पाटलाची," ते म्हणाले. "मोठ्या घराचं रान तिकडं मारुतीला, धाकट्याचं हिकडं." मग बोट पडद्याला न लावता त्यांनी एकेक पायरी सांगितली, कोणती कुणाची, सतराही. मध्ये एकदाही अडखळले नाहीत. आमची आठवी होती.

"हा क्रम कुणी ठरवला?"

"ठरवायचं काय त्याच्यात? पोळ्याला जसे जातो तसेच. कोन म्होरं कोन मागं, हे काय इचारायचं असतंय का?"

"पण तुम्हाला कळलं कसं? मी तर काही सांगितलं नव्हतं."

आण्णा टेकू बसवत राहिले. "तुझी आई गच्चीवर होती," ते म्हणाले. "तिनं सांगितलं, लेक म्हणतो ओढ्याची डीपी जळनार हाय आन्‌ आपल्याला सांगायचं न्हाई. मंग मी बाकीच्यांला बोललो. दोन-दोन मिन्टांचं तर पारावरून समद्या गावाला कळलंच होतं. म्हनलं, पोराला पेपर लिहायचाय, त्याला कळू द्यायचं न्हाई. शनिवारी ऑटो टाकून ठेवा, त्यो यील, बघून जाईल."

"शनिवारीच जळाली असती तर?"

"आठवड्यातून एकदा सोसती."

प्रयोगात फसवणूक कोण करत होतं याचा हिशेब मी मनात लावत होतो आणि तो दर वेळी माझ्यावरच येऊन थांबत होता. शेवटी म्हणालो, "आण्णा, मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"न्हाई," ते म्हणाले. "तू सरला शब्द देल्ता. बराबर केलं."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते खरंच तसं समजत होते. मला फार लाज वाटली, आणि ती लपवायला मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं. शनिवारची भिंत मोठी करून बघितली. वरचा आकडा वाचला. सतरा मोटारींचा जेवढा व्हायला हवा त्यापेक्षा तो कमी होता, पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीइतका. सगळ्या शनिवारी तेवढाच. सोळा पेट्या मी डोळ्यांनी तपासल्या होत्या. सतरावीला मी न बघता खूण केली होती.

"शनिवारी आपली मोटार बंद असायची?" मी विचारलं.

आण्णांनी टेकू हलवून बघितला, पक्का बसलाय का ते.

"समदे तुझ्यासाठी डीपी धोक्यात घालून राह्यले," ते म्हणाले. "मंग एक तरी कमी नको का?"